खानापूरच्या वहीतले एस्कुदो : ५.४००$०० म्हणजे नेमके किती रुपये?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातले हे प्रकरण. दोन भावांच्या वारसांत जुन्या उसनवारीचा निकाल लावायचा होता. थोरले भाऊ गावी भातशेती करायचे. धाकटे १९५०च्या दशकात गोव्यात मडगावला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. १९५९ साली थोरल्यांनी गावालगत जमीन घेतली, तेव्हा कमी पडलेले पैसे धाकट्यांनी पुरवले. दोघेही भाऊ आज हयात नाहीत. जमिनीला आता सोन्याचा भाव आला आहे आणि वाटणीचा विषय निघाल्यावर जुने कागद ट्रंकेतून बाहेर आले.

एक गोष्ट चांगली होती. जमिनीत वाटा कोणी मागत नव्हते. थोरल्यांच्या घरचे म्हणत होते, "आज्जानं उसनं घेतलं हुतं, आमाला मान्य हाय. सांगा किती, देऊन टाकतो." धाकट्यांच्या घरच्यांनाही तेच हवे होते. अडले ते ‘किती’वर. मी बेळगावात हिशेब आणि कराची कामे करतो, म्हणून दोन्ही घरांनी मिळून कागद माझ्यापुढे ठेवले. नावे आणि ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत. आकडे मात्र कागदावर होते तसेच ठेवले आहेत.

कागद तीन. पहिला १९५६चा, धाकट्यांच्या हातचा एक चिटोरा : ‘दादास दिले रु. ४५०, तांगे ८.’ दुसरी मडगावच्या पेढीच्या छापील कागदावरची नोव्हेंबर १९५९ची पावती, मजकूर पोर्तुगीज, खाली थोरल्यांची मोडीत सही आणि रक्कम ५.४००$००. तिसरी थोरल्यांची स्वतःची वही, सगळी मोडीत.

पावती पाहून धाकट्यांच्या नातवाने हिशेब आधीच करून आणला होता. तो पुण्यात संगणक कंपनीत आहे. ‘डॉलरचं चिन्ह आहे, पाच हजार चारशे डॉलर. पंच्याऐंशीनं गुणा, चार लाख एकोणसाठ हजार.’ थोरल्यांच्या घरी हा आकडा पोचला आणि बोलणे जवळजवळ थांबले.

त्या पावतीत डॉलरचा काही संबंध नव्हता. पोर्तुगालमध्ये १९११ साली जुन्या रेईसच्या जागी एस्कुदो आला, तेव्हापासून रक्कम लिहायची तिथली रीत अशी की एस्कुदो आणि सेंताव्हो यांच्या मधोमध उभ्या रेघेने छेदलेला एस काढायचा. आपण जिथे दशांश टिंब देतो, तिथे ते हे चिन्ह देत. आपण जिथे स्वल्पविराम देतो, तिथे टिंब. म्हणून ५.४००$०० म्हणजे पाच हजार चारशे एस्कुदो आणि शून्य सेंताव्हो (सेंताव्हो म्हणजे एस्कुदोचा शंभरावा भाग). डॉलर असता तर चिन्ह आकड्याच्या आधी आले असते, पोटात नव्हे.

चिन्ह ठाऊक नसले तरी साध्या तर्काने शंका यायला हवी होती. १९५९ साली डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. ५,४०० डॉलर म्हणजे पंचवीस हजार सातशेच्या वर रुपये. पेढीवरच्या कारकुनाने भावाला एवढी रक्कम हातउसनी द्यावी हे त्या काळात शक्यच नव्हते. जुना आकडा हाती आला की आधी तो त्या माणसाच्या ऐपतीशी ताडून पाहावा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वादांत एवढे केले तरी पुढचा ताप वाचतो.

आता एस्कुदोचे रुपये करायचे. इथे गोव्याच्या चलनाची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत अशा चिठ्ठ्या पडून आहेत आणि नव्या पिढीला त्या वाचता येत नाहीत.

१९५८पर्यंत गोव्यात पोर्तुगीजांचा स्वतःचा रुपया होता, ‘रुपिया’. तो आपल्या रुपयाच्या बरोबरीने चाले. त्याचे भाग सोळा, प्रत्येक भाग म्हणजे एक तांगा. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे, तिकडे सोळा तांगे, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब एकाला एक जुळायचा. १९५६च्या चिठ्ठीतले साडेचारशे रुपये आठ तांगे म्हणजे आपले साडेचारशे रुपये आठ आणे. त्यावर वाद घालायला जागाच नाही. १ एप्रिल १९५७ला आपल्याकडे शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि वर्षदीड वर्ष तिकडे तांगे, इकडे नवे पैसे असे चालले. त्या मधल्या काळातल्या चिठ्ठ्या वाचताना सुट्या पैशांत फरक दिसला तर तो या बदलाचा असतो, लबाडीचा नसतो.

मग रुपिया गेला आणि एस्कुदो आला. एका रुपियाला सहा एस्कुदो. हा दर मी नातवाला कुठल्याही पुस्तकाशिवाय दाखवला. त्यांच्या आज्जीच्या डब्यात त्या वेळची नाणी होती, तीच टेबलावर मांडली. एक एस्कुदो, तीन एस्कुदो, सहा एस्कुदो. सेंताव्होची दहाची, तिसाची, साठाची. नाणी पाडताना सहसा एक, दोन, पाच, दहा अशी चढण असते. इथे तीन आणि सहा का? कारण सहाचे नाणे म्हणजे जुना एक रुपया, तीनचे म्हणजे अधेली. साठ सेंताव्हो म्हणजे रुपयाचा दहावा भाग, तीस सेंताव्हो म्हणजे विसावा. नोटाही तशाच, २ जानेवारी १९५९ तारखेच्या : ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १,०००. तीसची नोट म्हणजे पाच रुपये, साठची म्हणजे दहा, तीनशेची पन्नास, सहाशेची शंभर. नाव एस्कुदोचे दिले, पण बाजारात बसणाऱ्या बाईच्या तोंडचा हिशेब रुपयाचाच राहणार हे सरकारलाही माहीत होते, म्हणून विनिमयाचा दर नाण्यांच्या किमतीतच ओतून ठेवला. नाणी हातात घेऊन नातू बराच वेळ पाहत बसला. डॉलरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सहा हा आकडा हवेतून आलेला नव्हता. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता. सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही बरोबर उतरला आणि डॉलर ३.३१वरून ४.७६वर गेला. पोर्तुगालचा एस्कुदो डॉलरला २८.७५ होता. रुपया आणि एस्कुदो यांचा थेट बाजार असा कुठे नव्हताच. असे दोन चलनांतले जुने दर काढायचे तर तिसऱ्या चलनावरून काढावे लागतात. २८.७५ला ४.७६ने भागा, उत्तर येते ६.०४. सोयीसाठी सहा.

५,४०० भागिले सहा, नऊशे रुपये. इथे हिशेब संपायला हवा होता.

पण थोरल्यांच्या वहीत नऊशे नव्हते. शके १८८१, कार्तिक वद्य, म्हणजे पावतीनंतर साधारण पंधरवड्याने, वहीत जमेच्या बाजूला होते : ‘धाकट्याकडून आले ८५५.’ थोरल्यांच्या घरच्यांना हे वाचून दाखवल्यावर त्यांचे म्हणणे लगेच बदलले. "मग आठशे पंचावन्नच की! आज्जाच्या हातचं हाय."

मी मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना तेच पान पुन्हा, शेवटपर्यंत वाचायला सांगितले. खर्चाच्या बाजूला, चार ओळी खाली, सापडले : ‘बट्टा ४५, शहापूर.’ आठशे पंचावन्न अधिक पंचेचाळीस बरोबर नऊशे. शंभराला पाच बट्टा, म्हणजे नोटा मोडून देताना सराफाने कापलेली रक्कम. शहापूर म्हणजे आपल्या बेळगावचे सराफांचे शहापूर. सराफाचे नाव वहीत नाही, आणि ते नसण्याला कारण आहे. १९४७चा परकीय चलन नियमन कायदा लागू होता, परवान्याशिवाय कुणी परक्या नोटा मोडून द्यायच्या नव्हत्या. शिवाय १९५५पासून गोव्याची नाकेबंदी होती. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे बंद पडली होती, घाटात चौक्या होत्या. एस्कुदो गावी कसे पोचले हे कुणी लिहून ठेवलेले नाही आणि मी ते विचारलेही नाही.

बट्ट्याची ही ओळ मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच दिवशी, एकाच रकमेला दोन दर होते. नाण्यावर ओतलेला सहा, आणि सराफाकडे हाती पडलेला ५,४०० भागिले ८५५, म्हणजे ६.३२. दोन्ही खरे. इतिहासातला विनिमय दर विचारणाऱ्याने आधी हे ठरवावे की त्याला सरकारी दर हवा आहे की माणसाच्या हाती प्रत्यक्ष पडलेला दर. पुस्तकांत पहिला मिळतो, दुसरा फक्त अशा वह्यांत.

मग थोरल्यांचे देणे नऊशे की आठशे पंचावन्न? माझे मत मी दोन्ही घरांपुढे स्पष्ट मांडले. बट्टा थोरल्यांनी स्वतःच्या खर्चात लिहिला आहे. धाकट्याच्या नावे टाकायचा असता तर त्यांनी जमेखालीच वजा दाखवला असता. ज्या माणसाने सगळी वही इतकी नेटकी ठेवली, त्याने ही ओळ चुकून दुसऱ्या बाजूला लिहिली असे मी मानत नाही. मोडणावळ आपली, भावाचे देणे पुरते नऊशे, हे त्यांनी त्या दिवशीच ठरवून टाकले होते. हे ऐकून थोरल्यांची सून म्हणाल्या, "मामंजींनी लिहिलंय तर तेच खरं." आठशे पंचावन्न तिथेच मिटले.

त्यानंतर लिस्बनहून फोन आला. धाकट्यांचे चिरंजीव १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे त्यांच्या घरातला एक जण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेला आहे. त्याचा मुद्दा वरवर बिनतोड होता. एस्कुदोचा युरोशी दर कायमचा ठरलेला आहे, एका युरोला २००.४८२ एस्कुदो. ५,४०० एस्कुदोचे २६.९४ युरो. युरोला शंभर रुपये धरले तर दोन हजार सातशेच्या आसपास. नऊशेच्या तिप्पट. त्याने कायद्याचाही आधार दिला : फोरासोल विरुद्ध तेल आणि नैसर्गिक वायू आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले की परकीय चलनातल्या देण्याचे रुपये करायचे तर निकालाच्या दिवशीचा दर धरावा. तो वाद फ्रेंच फ्रँकचा होता. मुद्दा अभ्यास करून मांडलेला होता, म्हणून त्याला तितक्याच नीटपणे उत्तर देणे भाग होते.

पहिले म्हणजे २००.४८२ हा दर पोर्तुगालच्या एस्कुदोचा आहे. गोव्यातल्या नोटा बँको नासिओनाल उल्त्रामारिनोने काढलेल्या, वसाहतीपुरत्या. पोर्तुगालची मध्यवर्ती बँक २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत जुन्या नोटा बदलून देत होती, त्या तिच्या स्वतःच्या. गोव्याच्या एस्कुदोचा प्रवास डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर थांबला आणि तिथे भारतीय रुपया आला. जे चलन १९९९पर्यंत जगलेच नाही, त्याला १९९९चा दर लावता येत नाही.

दुसरे म्हणजे मधली चाळीस वर्षे. सहाचा दर पुढे कायम राहिला असे लोक गृहीत धरतात. ६ जून १९६६ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६चा साडेसात झाला. एस्कुदो जागचा हलला नाही. रात्रीतून रुपयाला सहाऐवजी ३.८३ एस्कुदो. पुढे १९७४च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि घसरायची पाळी एस्कुदोवर आली. १९८०च्या सुमारास डॉलरला पन्नास एस्कुदो आणि ७.८६ रुपये, म्हणजे रुपयाला पुन्हा सहाच्या वर. १९८५ला तर एस्कुदो डॉलरला १७०पर्यंत खाली, रुपया साडेबाराच्या आत. रुपयाला जवळजवळ चौदा एस्कुदो! त्या साली लिस्बनच्या रस्त्याने हिशेब केला असता तर याच ५,४०० एस्कुदोचे चारशेसुद्धा आले नसते. मग १९९१मध्ये आपला रुपया उतरला आणि काटा उलटा फिरला. १९९९च्या आरंभी युरो साधारण पन्नास रुपयांना होता, म्हणजे रुपयाला चारच एस्कुदो. शंभरच्या युरोने दोन.

ही रांग मी त्याला लिहून पाठवली आणि विचारले, तुम्ही आजचा दिवस धरता, मग १९८५चा का नको? ज्या साली आपल्या बाजूने आकडा मोठा येतो ते साल निवडायचे असेल तर तो दर शोधणे नव्हे. तारीख व्यवहारातूनच यायला हवी.

तिसरे, आणि माझ्या मते निर्णायक. फोरासोलमध्ये देणेच परक्या चलनात ठरलेले होते. इथे थोरल्यांनी घेतले आणि वहीत नोंदले ते रुपयांत. जमीन रुपयांत घेतली. एस्कुदो हा पैसे पोचवण्याचा मार्ग होता, देण्याचे माप नव्हे. रुपयांत ठरलेल्या देण्याला नंतरचा विनिमय दर लागत नाही, कितीही वर्षे लोटली तरी. लिस्बनहून उत्तर यायला काही दिवस लागले, पण ते सरळ आले : मान्य.

जाता जाता कराच्या कामातले सांगतो, कारण युरोप-आखातात नोकरी करणारे आपले लोक हीच चूक रोज करतात. परदेशातल्या उत्पन्नाचे रुपये करताना आयकराचे नियम तारीख ठरवून देतात आणि दरही : स्टेट बँकेचा तार-हस्तांतरणाचा खरेदी दर. पगाराला, तो देय झाला त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याची अखेर. भांडवली नफ्याला, मालमत्ता विकली त्याच्या आधीच्या महिन्याची अखेर. फोनवर दिसणारा आजचा दर तिथे चालत नाही.

नऊशेवर एकमत झाले तेव्हा धाकट्यांची मुलगी, वयाने सगळ्यांत थोरली, इतका वेळ ऐकत होती ती बोलली. "नऊशे घिऊन मी काय करू? बाबांनी त्या साली ते दिलं नसतं तर माझ्या आईच्या अंगावर सोनं झालं असतं." आत्तींच्या या बोलण्यावर खोलीत कुणाकडे उत्तर नव्हते. आणि त्यांचे चुकत नव्हते.

त्या काळी मुंबईत तोळा सव्वाशे रुपयांच्या आसपास होता. नऊशेत सात तोळे आले असते, आणि हिशेब केला तेव्हाचा दहा ग्रॅमला लाखाच्या वरचा भाव पाहता ते आठ लाखांच्या पुढे जात होते. इथे सोन्याचाच आणखी एक हिशेब मांडतो, कारण त्यातून बट्ट्याचाही उलगडा होतो. जगात तेव्हा सोने औंसाला ३५ डॉलर होते. सरकारी ४.७६च्या दराने तोळा साडेबासष्ट रुपयांना पडायला हवा. आपल्याकडे दुप्पट होता. म्हणजे रुपयाची सरकारी किंमत एक आणि सोन्याच्या तराजूवरची निम्मी. याच फरकावर गोव्यातून आणि आखातातून सोने चोरून येत होते. आखातात तेव्हा आपलाच रुपया चाले आणि सोन्यापायी त्याला गळती लागली होती; ती आवरायला रिझर्व्ह बँकेने १९५९ साली तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्याचे कारणही हेच. अशा बाजारात कुठलाही सरकारी दर सराफाच्या पेढीवर जसाच्या तसा टिकत नाही.

आत्तींना मी सांगितले की सोन्याचे माप हा विनिमय दर नव्हे. दराचे उत्तर नऊशे आहे आणि ते बदलणार नाही. पण पासष्ट वर्षे वापरलेल्या पैशाची भरपाई किती हा वेगळा प्रश्न आहे, तो मात्र पूर्ण खुला आहे. शेकडा सहाने चक्रवाढ धरली तर चाळीस हजारांच्या जवळ, आठने धरली तर एक लाख चौतीस हजारांच्या आसपास, सोन्याने आठ लाखांवर. हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहून मी दोन्ही घरांपुढे ठेवले आणि गप्प बसलो. कुठला निवडायचा ते माझे काम नव्हते. इतके दिवस भांडण चिघळले ते दर आणि भरपाई हे दोन प्रश्न एकातच घुसवल्यामुळे. ते वेगळे केल्यावर उरलेले बोलणे दोन्ही घरांनी माजघरात बसून, माझ्याशिवाय, एका दुपारीत संपवले. साडेतीन लाख.

कागद करताना एक कायदेशीर बाजू सांभाळावी लागली. उसनवारीची वसुली करायची मुदत तीन वर्षांची, ती केव्हाच उलटून गेलेली. कोर्टात हे देणे उभे राहत नाही. पण मुदत गेलेले देणे देण्याचे लेखी, सहीनिशी वचन करार कायद्याच्या कलम २५(३)प्रमाणे ग्राह्य असते. म्हणून थोरल्यांच्या सर्व वारसांच्या सह्या घेतल्या आणि मजकुरात ओळ घातली : ‘नोव्हेंबर १९५९मध्ये मिळालेले ५,४०० एस्कुदो, त्या वेळच्या एका रुपयास सहा एस्कुदो या दराने रुपये ९००, बट्टा घेणाऱ्याचा, हे मूळ देणे उभयपक्षी मान्य. वरील रक्कम विनिमयाची नसून भरपाईची आहे.’

१९५६चे साडेचारशे रुपये आठ तांगे अजून बाकी आहेत. दराचा प्रश्न नाही, एकाला एक. प्रश्न असा की थोरल्यांच्या उपलब्ध वहीत ते जमा दिसत नाहीत, कारण ती वही १९५८पासूनची आहे. आधीची वही नंदगडला चुलत घराण्याकडे असल्याचे आत्ती सांगतात. ती मिळाली आणि नोंद निघाली तर याच कागदाला पुरवणी जोडायची, असे दोन्ही घरांनी लिहून दिले आहे.